एका वेळी एकच नातं

आमच्या डेस्कवर बातम्या रोज शिळ्या होतात, किस्से मात्र साचत जातात. त्यातले निम्मे दत्ताभाऊंचे. ते खिदळत सांगणाऱ्यांचा मला संताप येतो, म्हणून मीच सांगतो.

दत्ताभाऊ आमच्या पेपरात शोकसंदेश, म्हणजे निधनवार्ता, लिहितात. कोण गेलं, कोणाचे वडील, कोणाचे मामेसासरे. ग्वाल्हेरची मराठी घरं एकमेकांत इतकी गुंतलेली की हे काम दुसऱ्या कोणाला जमत नसे. मग मुरारजवळ स्कूटर घसरली आणि त्यांचं कपाळ दुभाजकावर आपटलं.

*

डॉक्टरांनी तपासताना विचारलं, "श्याम मोहनपेक्षा उंच. राम श्यामपेक्षा उंच. सगळ्यात उंच कोण?"

दत्ताभाऊंनी बराच विचार केला. "तिघांना उभं करा, सांगतो."

डॉक्टर हसले नाहीत. आठवण शाबूत आहे, भाषाही, ते म्हणाले. पण दोन नाती एकदम डोक्यात धरून त्यांतून तिसरं काढायचं, हे काम कपाळामागचा मेंदू करतो. तोच दुखावलाय. एकेक विचारा, बिनचूक सांगतील.

हे मी ऑफिसात समजावलं. मॅनेजरसाहेब हिंदीभाषी. म्हणाले, "मतलब दिमाग गया." मी तिथेच भांडलो. नोकरीला महिनाभराची मुदत मिळाली, बस!

*

दाना ओली मोहल्ल्यातल्या एका लग्नात एक काकू दत्ताभाऊंच्या पंगतीत आल्या. "तुमच्या वहिनीची धाकटी जाऊ कुठे दिसत नाही?"

घरात भाऊ दोनच. तरी दत्ताभाऊ गोंधळले. "तिला मी ओळखत नाही."

मागून कुमुदवहिनी, म्हणजे त्यांची बायको, जिलबी घेऊन आल्या. त्यांच्या पानात दोन वाढल्या आणि म्हणाल्या, "मी ओळखते. चांगली आहे बिचारी."

*

मग त्यांनी स्वतःच युक्ती काढली. टेबलावर चहाचे कप मांडायचे. हा गेलेला, हा मुलगा, ही सून. मग जोड्या लावत एकेक ओळ लिहायची. वेळ लागे, चूक होत नसे.

एकदा फोटोग्राफरने त्यातला कप उचलला.

"खाली ठेव," दत्ताभाऊ म्हणाले. "ते सासरे आहेत."

*

मुदत संपली त्या दिवशी मॅनेजरसाहेब स्वतः खाली आले. दत्ताभाऊंना कामावरून काढायचं पक्कं होतं.

समोर दौलतगंजचे दोघे भाऊ वडिलांचा शोकसंदेश देत बसले होते. दारात एक बाई रडत उभी. तिचं नाव घालायचं नाही, थोरला बजावत होता. जातीबाहेर लग्न केलंय. "ती आमची कोणी नाही."

"तुमची कोणी नाही. बरं," दत्ताभाऊ म्हणाले. मग नेहमीसारखं पुढचं एकच नातं विचारलं. "हिचे वडील कोण?"

शेवटी धाकटा म्हणाला, "जे गेले, ते."

"मग लिहितो."

मी भांडायच्या तयारीने उठलोच होतो. मॅनेजरसाहेब दत्ताभाऊंच्या खुर्चीमागे उभे राहून स्क्रीन वाचत होते.

"बेटी का नाम ऊपर लीजिए," ते म्हणाले. "और दत्ताभाऊ, कल ज़रा टाइम से आइए."