बाळाची धुरी

विक्रोळीहून निघाले त्या संध्याकाळी आमच्या मजल्यावरची सगळी बिऱ्हाडं खाली टॅक्सीपाशी जमली होती. आई टॅक्सीवाल्याला सांगत होती, "सांभाळून ने रे बाबा," जणू तोच मला कॅनडापर्यंत सोडणार होता. बाबांचा सगळा जन्म कारखान्यात गेलेला. त्यांचं सांगणं एकच: "तिकडचे लोक शिस्तीचे. नियमाने राहा, कुणाला बोट दाखवायला जागा देऊ नको." मी मान डोलावली. नियमाने राहायला मी इतक्या चटकन शिकेन, असं तेव्हा मलाही वाटलं नव्हतं.

तुमच्यापैकी जे बाहेर गेलात त्यांना हे ठाऊकच आहे. पहिल्या वर्षी हसू येतं. रस्त्यावर चिटपाखरू नसताना सिग्नलला थांबायचं, कुणाकडे जायचं तर आधी मेसेज टाकायचा, फोडणीच्या धुराने छतावरचा अलार्म बोंबलायला लागला की खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालायचा. विक्रोळीत आमचं दार सकाळी उघडायचं ते झोपतानाच लागायचं, पोरं कुणाच्याही घरात जेवायची. दुसऱ्या वर्षापासून आपणच नव्याने आलेल्यांना शिकवायला लागतो: अगं, मुलाला गाडीत एकटं ठेवू नकोस हां, पोलीस बोलावतात. मीही शिकवलं. त्यात थोडी ऐटही होती.

मुलगी झाली तेव्हा आई सहा महिन्यांसाठी आली. आमच्या कॉलनीत बाळ जन्मलं की न्हाऊ घालायला परबकाकूंना, म्हणजे माझ्या आईला, बोलावणं यायचंच. रडून घर डोक्यावर घेणारं पोर तिच्या पायांवर घातलं की गप्प व्हायचं. सामानात तिने ओवा, वावडिंग आणि लसणीच्या सालांची पुडी आणली होती. विमानतळावरच्या माणसाने ती पुडी कशी हुंगली, ते ती फोनवर सगळ्या विक्रोळीला रंगवून सांगत होती.

त्या दिवशी नवरा कामावर होता, मी झोपले होते. आईने बाळाला न्हाऊ घातलं, नारळाची करवंटी विजेच्या शेगडीवर पेटवली, निखारे पातेल्यात घेतले, वर ओवा आणि लसणीची सालं टाकली आणि बाळाला धुरी द्यायला बसली. आधी आमच्या घरातला अलार्म वाजला, मग अख्ख्या इमारतीतला. सहा मजल्यांची माणसं खाली बर्फात उभी, त्यांत साडीवर माझं जाकीट घातलेली आई, पदराखाली बाळ. बंबवाले फार सभ्य होते. त्यांनी पातेलं पाहिलं, बाळाला पाहिलं आणि काहीतरी लिहून घेतलं.

चार दिवसांनी मुलांच्या सुरक्षेच्या ऑफिसातून एक बाई आल्या. त्याही सभ्य. बाळाच्या गालावरची तीट, कमरेचा काळा दोरा, सगळं त्यांनी नीट पाहिलं. मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू. मी इंग्रजीत सांगितलं की माझी आई खेड्यातली आहे, तिला कळत नाही. विक्रोळीला मी खेडं म्हटलं. आई समोर बसून होती; त्या बाईंसाठी तिने केलेला चहा तसाच निवत होता. कागदावर अट होती: बाळाला आजीकडे एकटं सोडू नये. मी सही केली.

"काय लिवलेला आसा गो त्यात?" आईने विचारलं.

"काही नाही गं. येऊन गेल्याची नोंद."

दुसऱ्या दिवशी आंघोळीला जाताना मी बाळाचा पाळणा ओढत बाथरूममध्ये नेला. आई सोफ्यावर बसून बघत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "माझा तिकीट आधीचा मिळता काय बघ." दोन महिन्यांतच ती परत गेली.

धूर तान्ह्या बाळाच्या छातीला वाईट, हे आता मलाही पटतं. मुंबईतले डॉक्टरही तेच सांगतात. म्हणजे चिडायचं तरी कुणावर? नियम बरोबर होता. मला त्या बाईंना एवढंच सांगायचं होतं की हिने शंभर पोरं या हातांनी वाढवली आहेत, धुरी बंद करू, पण हिच्यावर भरवसा ठेवा. ते वाक्य मला इंग्रजीत येत होतं. मी म्हटलं नाही.

यंदा मुलीला घेऊन विक्रोळीला गेले. ती आता पाच वर्षांची आहे. बाबा गावी गेले होते. सकाळीच आई शेजारच्या सुनेच्या बाळाला न्हाऊ घालून आली होती, हाताला अजून तेलाचा वास होता. मी पिशवी घेतली आणि म्हटलं, "आई, मी जरा मार्केटला जाऊन येते, ही राहील तुझ्याकडे."

आई चटकन उठली. "नको. हिका घेऊन जा. नायतर शेजारच्या सुनेक हाक मार, ती येऊन बसात हंय. माझ्याकडे एकटीक नको ठेवू."

टोमणा नव्हता त्यात. नियम सांगावा तशी बोलली. त्या कागदावर काय होतं, हे मी तिला आजवर सांगितलेलं नाही.

मी पिशवी खाली ठेवली. कॅनडातली ती फाइल केव्हाच बंद झाली, तसं पत्रही आलं. पण माझं घर म्हणून मी जिथे परत येते, तिथे ती अट अजून चालू आहे, आणि तिच्याखाली सही माझी आहे.