डाव्या भिंतीवरचे बूट

रोज सकाळी मावशी प्रत्येक बुटात हात घालून बघायची. दिवा लावायच्या आधी, चहाच्याही आधी. बोटं पार टोकापर्यंत न्यायची, तिथे क्षणभर थांबायची आणि ओल लागली नाही तर हात काढून पुढच्या बुटाकडे वळायची. एकशे वीस जोड होते. स्कीचे बूट म्हणजे काही साधे बूट नव्हेत. बाहेरून प्लॅस्टिकचं जाड कवच, आत मऊ अस्तर, पुढे चार खटके. अस्तर रात्रभरात वाळलं नाही तर सकाळी घालणाऱ्याचा पाय दहा मिनिटांत बधिर होतो. बावीस हिवाळ्यांत तिच्या खोलीतून ओला बूट घालून कुणी बाहेर पडलं नव्हतं.

खोली रिसॉर्टच्या मुख्य इमारतीच्या तळघरात होती. लांब, अरुंद, आणि तिथे सतत रबराचा नि उबेचा वास असायचा. दोन्ही भिंतींच्या आतून गरम पाण्याच्या नळ्या गेल्या होत्या आणि भिंतींवर लाकडी खुंट्या होत्या. डाव्या पायाचे सगळे बूट डाव्या भिंतीवर, उजव्या पायाचे उजव्या. अशी मांडणी कुणी नि का केली होती, देव जाणे. नवीन माणसाला ती वेडेपणाची वाटायची. मावशीला मात्र ती अंगवळणी पडली होती. खिडकीशी कुणी नंबर सांगितला की ती मधल्या वाटेने आत चालत जायची, डावा हात डावीकडे जायचा, उजवा उजवीकडे, आणि परत येईपर्यंत जोडी जमलेली असायची. मान वळवावी लागायची नाही. चुकायला तिथे जागाच नव्हती.

शेजारच्या खोलीत स्कीच्या कडांना धार लावणारा एक गृहस्थ होता. त्याला सगळे धारवालाच म्हणायचे. दिवसातून दोनदा तो हातात कानस घेऊन दाराशी यायचा.

"मावशी, वर गेल्यावर विचारतील, आयुष्यभर काय केलंत? काय सांगाल?"

"लोकांचे पाय कोरडे ठेवले म्हणेन. आणि तुम्ही?"

"मी?"

"तुम्ही सांगा, माणसं लवकर पडावीत म्हणून धार लावत होतो."

एवढं बोलणं झालं की तो आपल्या खोलीत, ती आपल्या. बाकी दिवसभर तिच्याशी बोलायचे ते पाय. बाकावर बसलेल्या माणसाचा चेहरा वर कुठेतरी असायचा. ती गुडघ्यावर बसून खटके लावायची आणि मोज्यांवरून माणूस ओळखायची. "परवा राखाडी मोजे घालून आला होतात ना?" असं तिने विचारलं की लोक चकित व्हायचे. तिला त्यात विशेष काही वाटत नसे. दुसरं बघायला तिथे होतं काय?

हिवाळ्याचे चार महिने ती बुटांच्या खोलीमागच्याच एका छोट्या खोलीत राहायची. नवरा जाऊन सात वर्षं झाली होती. मुलगा सोळाव्या वर्षी शिकायला दूरच्या, समुद्राकाठच्या उबदार शहरात गेला तो तिकडचाच झाला. दर रविवारी संध्याकाळी त्याचा फोन यायचा. "या हिवाळ्यात नक्की येतो, आई," असं तो डिसेंबरात म्हणायचा, आणि मार्चमध्ये म्हणायचा, "पुढच्या हिवाळ्यात बघ." उन्हाळ्यात दोनदा घरी येऊन गेला होता, चपला घालून. बर्फात मात्र नाही.

दोन्ही भिंतींच्या अगदी शेवटच्या खुंटीवर बेचाळीस नंबरचा एक निळा जोड होता. डावा डावीकडे, उजवा उजवीकडे, आणि दोन्हींच्या खटक्याला लाल लोकरीचा धागा. शहरात जायच्या आधीच्या हिवाळ्यात मुलगा तेच बूट घालायचा. तो जोड मावशी कुणाला द्यायची नाही. कितीही गर्दी असो. पण हात मात्र त्यातही रोज घालायची. न वापरलेल्या बुटाला ओल कुठून येणार? तरी घालायची.

एका जानेवारीत रिसॉर्टवर पिक्चरवाले आले. हलकाफुलका, पोट धरून हसवणारा पिक्चर होता. हिरो आपल्या होणाऱ्या सासऱ्याला थाप मारतो की आपण स्कीइंगचे चॅम्पियन आहोत, आणि आयुष्यात बर्फ न पाहिलेला तो माणूस सासरच्या मंडळींबरोबर इथे येतो. बूट देणारी बाई त्याला चुकून दोन्ही डावे बूट देते. चॅम्पियन तक्रार कशी करणार? तो तसाच बाहेर पडतो आणि डोंगरभर गोल गोल फिरत राहतो.

"पण असं इथे होत नाही," मावशी दिग्दर्शकाला म्हणाली.

"होत नाही म्हणून तर लोक हसतील, मावशी. चेहरा नाही घेणार तुमचा. फक्त पाठ आणि हात. मला खऱ्या कामाचे हात हवेत."

मग अडचण निघाली ती बुटांची. हिरोचा पाय बेचाळीस. हंगाम भर जोरात, बेचाळीसचे निळे बूट सगळे डोंगरावर. भिंतीवर एकच जोड उरला होता, आणि दुसरा तो शेवटच्या खुंटीवरचा. क्लॅप देणारी मुलगी तिथवर जाऊन लाल धागा सोडायलासुद्धा लागली.

"हा राखीव आहे का मावशी?"

"आहे."

"आज येणारेत का ते?"

मावशीने लाल धागा तिच्या हातातून काढून घेतला. "आज नाही," ती म्हणाली. "घ्या. पण परत आणून द्या."

कॅमेरा सुरू झाला. हिरो म्हणाला, "बेचाळीस." मावशी आत गेली आणि एक डावा, एक उजवा असे व्यवस्थित बूट घेऊन आली. दिग्दर्शक म्हणाला, "मावशी, दोन्ही डावे." ती "हो हो" म्हणाली आणि पुन्हा नीट जोडी घेऊन आली. तिसऱ्यांदा तेच. चौथ्यांदा तिने स्वतःला बजावलं, दातांत ओठ धरला, तरी उजवा हात आपला उजवीकडे गेलाच. सहाव्या वेळी दिवे धरणारी माणसंही हसायला लागली. हिरो भिंतीला टेकून म्हणाला, "मावशी, मला एकदा तरी चुकीचे बूट द्या हो, माझ्या लग्नाचा प्रश्न आहे." शेवटी क्लॅप देणाऱ्या मुलीने तोडगा काढला. मावशीने उजवा हात एप्रनच्या खिशात खुपसून ठेवायचा आणि एकट्या डाव्या हाताने, एकामागून एक, दोन्ही बूट काढायचे. तसं केलं. सीन झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशी हसली, पण हात तिने खिशातून बराच वेळ बाहेर काढला नाही.

डावे दोन्ही बूट पिक्चरवाले पुढच्या सीनसाठी स्टुडिओत घेऊन गेले. परत आले नाहीत. व्यवस्थापकाने दोनदा फोन केला तेव्हा समजलं, कुठल्यातरी गोदामात आहेत. उजव्या भिंतीवर दोन एकटे उजवे राहिले. मावशीने लाल धागा त्यातल्या आपल्या बुटाला पुन्हा बांधला आणि सकाळी दोन्हींत हात घालत राहिली.

पुढच्या हिवाळ्याआधी पिक्चर लागला आणि चालला. जो तो खिडकीशी येऊन म्हणू लागला, "मावशी, दोन डावे द्या ना, फोटो काढायचाय." बावीस वर्षांत पहिल्यांदा लोक तिच्याकडे बघत होते. पण फोटो काढताना म्हणायचे, "जरा पाठ करा ना. पिक्चरमध्ये पाठच दिसते." मग ती खुंट्यांकडे तोंड करून उभी राहायची, क्लिक होईपर्यंत.

"प्रसिद्धी पाठीमागे लागली म्हणायची," धारवाला म्हणाला.

"तुम्ही कानस चालवा," मावशी म्हणाली.

एका रविवारी फोनवर मुलगा नुसता हसत होता. "आई, ती पाठ तुझीच ना? मी थिएटरात ओरडलोच, ही माझी आई! ऑफिसातल्यांना खरंच वाटेना."

"मग?"

"मग काय, घेऊनच येतोय चौघांना. तेरा तारखेला. तुझ्या हातचे बूट घालायचेत सगळ्यांना."

"राहशील ना रे?"

"एकच दिवस गं. सकाळी येऊ, चारच्या बसने परत. रजा कुठे आहे?"

एक दिवस तर एक दिवस. बारा तारखेला तिने बेचाळीसचा एक चांगला जोड बाजूला काढला, निळा नव्हता, हिरवा मिळाला. रात्री तो नळीच्या सगळ्यांत जवळच्या खुंट्यांवर ठेवला, एक डावीकडे, एक उजवीकडे. तेराच्या सकाळी तिघांनी बेचाळीस मागितले. "संपले," मावशी म्हणाली. नंबर असताना नाही म्हणणं तिला नवीन होतं. कान गरम झाले.

अकराच्या सुमाराला ते आले, हसत, बूट आपटत. "ही आमची आई. पिक्चरवाली!" मुलाने खिडकीवरून वाकून तिला मिठी मारली. त्याच्या जाकिटाला दुकानातल्या नव्या कपड्यांचा वास होता. केस पुढून विरळ झाले होते. त्याला बाकावर बसवून ती गुडघ्यावर बसली आणि सवयीने मापाची पट्टी पुढे सरकवली. खरं तर गरज नव्हती. त्याने पाय ठेवला. तिने वरचा ठोकळा खाली आणला. तो बेचाळीसपर्यंत आलाच नाही. अंगठ्याला टेकून वरच अडला.

"चव्वेचाळीस," ती म्हणाली.

"हो, कधीपासूनच. लग्नातले बूटही चव्वेचाळीसच होते की."

लग्नाला ती होती. पायांकडे बघायचं राहून गेलं होतं.

"आणते," म्हणून ती उठली. मधल्या वाटेने आत गेली. हिरव्या जोडावरून नजर पुढे गेली, लाल धाग्यावर थांबली. इतकी वर्षं रोज सकाळी तिथे हात घातला होता, तो कुणाच्या पायासाठी? बूट घेऊन ती परत आली, मुलासमोर मांडले आणि खटके उघडायला वाकली.

आधी एक मित्र हसत सुटला. मग बाकीचे. "अरे, दोन डावे!"

मावशीने खाली पाहिलं. खरंच दोन्ही डावे होते.

"आई! काय टायमिंग आहे तुझं!" मुलगा हसून हसून बाकावर आडवा झाला. "मानलं, मावशी," दुसरा म्हणाला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, बाकावरची अनोळखी माणसंही वाजवू लागली. दाराशी धारवाला येऊन उभा राहिला होता, कानस हातात तशीच. तो एकटा हसत नव्हता. मावशीने त्याच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"म्हटलं, जरा गंमत करावी तुझी," ती मुलाला म्हणाली. मग आत जाऊन चव्वेचाळीसचा उजवा घेऊन आली.

दिवसभर ते डोंगरावर पडत राहिले. साडेतीनला ओलेचिंब, लालबुंद होऊन परत आले. मुलाने बूट काढून तिच्या हातात दिले आणि मित्रांबरोबर बॅगा आणायला धावला. मावशीने बुटात हात घातला. आत त्याच्या पायाची ऊब होती, आणि ओल होती. तिने हात नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ आत ठेवला. मग डावा डावीकडे, उजवा उजवीकडे टांगला आणि शाल न घेताच बसथांब्याकडे निघाली.

पुढच्या रविवारी बसच्या दमणुकीत मुलाचा फोन करायचा राहून गेला. त्याच्या पुढच्या रविवारी त्याने केला तो धारवाल्याने उचलला. मावशी त्या सकाळी झोपेतून उठलीच नव्हती, एवढंच, आणि बूट कुणी बघितले नव्हते. त्यानंतर मुलगा पुष्कळदा आठवून बघायचा की त्या दिवशी निघताना आई काय म्हणाली होती. काहीतरी मोठं असेल असं वाटायचं. पण तसं काही नव्हतं. इंजिन सुरू झालं होतं, त्याने काच खाली करून म्हटलं होतं, "आई, आत जा, गारठशील," आणि ती खिडकीशी उभी राहून त्याच्या चेहऱ्याकडे नाही, खाली कुठेतरी बघत म्हणाली होती,

"मोजे ओले असतील रे. ते आधी बदल."