मामांचा वस्तरा आणि सेफ्टी रेझर

आमच्या घरात दाढीवरून जेवढी भांडणं झाली, तेवढी शेताच्या बांधावरूनही झाली नसतील. दाढी सासऱ्यांची, भांडण माझ्या नवऱ्याचं, आणि पंच मी, जिला जन्मात कधी दाढी करावी लागलेली नाही.

सासऱ्यांना मी मामा म्हणते, आमच्याकडे सुना तसंच म्हणतात. मामा सरकारी बसवर ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर काचबिंदूने आधी एक डोळा नेला, मग दुसरा. आता त्यांना उजेड तेवढा कळतो. पण माणूस मोठा टापटिपीचा. पहाटेची गाडी असली तरी दाढी केल्याशिवाय स्टेअरिंगला हात लावला नाही, असं ते आजही ऐटीत सांगतात. अजूनही सकाळी दाढी करायची, पांढरा सदरा घालायचा आणि काठी टेकत आमच्या उमापूरच्या चौकातल्या हॉटेलात चहाला जायचं, हा त्यांचा नेम. दाढी करायची ती वस्तऱ्याने. हल्ली सलूनमध्ये अर्धी पत्ती अडकवलेलं जे हत्यार असतं ते नव्हे. खरा, सबंध पोलादाचा, घडी घालून मुठीत मावणारा वस्तरा.

मी लग्न होऊन आले तेव्हा मामांना चांगलं दिसत होतं आणि त्यांच्या दाढीकडे माझं कधी लक्षही गेलं नव्हतं. डोळे गेल्यावर मात्र मी हातातलं काम टाकून बघत बसायला लागले. अंगणात खुर्ची, शेजारी गरम पाण्याचा तांब्या आणि साबणाची वाटी. आरशाचा प्रश्नच नाही. आधी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर उलटसुलट फिरवायचा. मग साबण फासून डाव्या हाताने कानापाशी कातडी वर ओढून धरायची, आणि पातं गालावरून असं अलगद खाली यायचं की बघणाऱ्याने श्वास रोखून धरावा. मागोमाग डाव्या हाताचं बोट त्याच वाटेने जायचं. खर्र खर्र असा बारीक आवाज येत राहायचा. आवाज थांबला की तिथलं काम झालं.

"मामा, भ्या न्हाई वाटत?" मी एकदा विचारलं.

"गाडी काय निस्ती डोळ्यानं चालवत होतो व्हय गं माय? घाटात इंजनाचा आवाज बदलला की गिअर टाकायचा. हे बी तसंच हाय."

मला या माणसाचं फार कौतुक वाटतं. खरं सांगायचं तर माझ्या सख्ख्या वडिलांचंही मी एवढं कौतुक केलेलं नाही.

माझ्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या ह्यांना, कौतुक सुचत नव्हतं. ह्यांना भीती वाटायची. एका थंडीत मामांना कानाखाली जरासं कापलं आणि सदऱ्याच्या कॉलरला रक्त लागलं. मामांनी तुरटी फिरवली आणि विषय संपवला. पण ह्यांचं खता-बियाण्यांचं दुकान आहे गेवराईला, तिथून संध्याकाळी येताना हे सेफ्टी रेझर घेऊनच आले. तीन पात्यांचा, रबरी मुठीचा, सोबत फेसाचा डबा.

"दादा, आजपास्नं वस्तरा बंद. ह्याचं नावच सेफ्टी हाय बघा," हे वडिलांना म्हणाले.

वस्तरा कपाटात गेला, किल्ली ह्यांच्या खिशात गेली. मलाही वाटलं, झालं ते बरं झालं.

त्या रेझरची बाजू घ्यायची तर त्याने मामांना एकदाही कापलं नाही. अडचण एवढीच, की तो दाढीही धड कापत नव्हता. फेसात पाती बुडून जायची आणि आवाजच यायचा नाही. रेझरचं डोकं एवढं रुंद की कुठून कुठवर झालं ते मागच्या बोटाला उमगायचं नाही. मग मामा तोंड माझ्या दिशेला करून विचारायचे, "ऱ्हायलंय का गं माय?"

मी निरखून सांगायची, "उजव्या कानाखाली, मामा. तिथं न्हाई, जरा अलीकडं." ते पुन्हा फिरवायचे. पुन्हा विचारायचे, "आता?"

आधी मला त्यात वावगं काही वाटलं नाही. मग एका सकाळी डोक्यात लख्ख उजेड पडला की डोळे गेल्यापासून या माणसाने मला असं काही विचारलंच नव्हतं. ताटात कुठे काय वाढलंय ते त्यांना वासावर कळतं. सदरा सुलटा की उलटा ते शिवणीवर कळतं. वस्तऱ्याने कधी कापून घेतलं असेल, पण 'झालं का' म्हणून कुणाला विचारलं नव्हतं. आणि आता तेच मामा रोज सुनेपुढे हनुवटी वर करून बसत होते. मला फार वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की राग येतो.

त्यातच एक दिवस मी भाकरी थापण्यात गुंतले होते. मामांनी मला हाक न मारता कशीबशी दाढी उरकली आणि तसेच चौकात गेले. तिथे फळांचा गाडा लावणारे चाचा त्यांचे जुने दोस्त. चाचांनीच हे मला नंतर येऊन सांगितलं. सगळ्यांदेखत ते सहज म्हणाले होते, "क्या ड्रायव्हरसाब, अर्धं रान नांगरायचं ऱ्हायलं की!" सगळे हसले, मामाही हसले. दुसऱ्या दिवशी मात्र मामा म्हणाले, चहा घरीच दे. चौक सुटला. दाढी दोन-दोन दिवसांनी व्हायला लागली. सदरा इस्त्री करून खुंटीवर तसाच.

चाचांचं बोलणं कानावर आल्यावर दुकानाच्या सुट्टीची सकाळ गाठून मी ह्यांच्यापुढे चहाचा कप आदळला.

"त्यांचा वस्तरा द्या त्यांना."

"आन कापलं बिपलं तर? गळ्याचं काम हाय ते."

"कापलं तर तुरटी लावू. हे जे चाललंय त्याला काय लावायचं?"

"तुला काय जातंय बोलायला! दिसत न्हाई त्यांना. आन हातात उघडं पातं देऊ?"

आमचे आवाज चढले. अंगणातून मामा गरजले, "आरं, डोळे गेलेत माझे, कान न्हाई गेले. आण त्यो वस्तरा आन बस हितं. तुझी करतो. ओरखडा जरी आला तर वस्तरा माझ्या हातानं हिरीत टाकीन."

हे बसले. का बसले ते मला आजही सांगता येणार नाही. बापाला खोटं पाडायचं असेल, किंवा बापाचा तो ड्रायव्हरकीतला आवाज पुष्कळ दिवसांनी ऐकू आला म्हणूनही असेल. शर्टाचं वरचं बटण काढून ह्यांनी मान मागे टाकली आणि डोळे गच्च मिटले. मी दाराची चौकट धरून उभी. माझं सगळं कुंकू त्या धारेवर, आणि वकिली माझीच!

मामांनी पट्ट्यावर धार काढली, साबण फासला, अंगठ्याने कातडी ताणली. पातं कानापासून जबड्यापर्यंत आलं. बोट मागून गेलं. पुन्हा पातं, पुन्हा बोट. गळ्यावर आल्यावर म्हणाले, "आता गिळू नगं." ह्यांनी गिळायचं थांबवलं, मी मनातल्या मनात नारायणगडाला नारळ बोलले. मामांना ना घाई ना थरथर. एवढ्या वयाचा हात, पण काय तो हात! भीतीच्या पोटातही मला तो बघत राहावासा वाटला. शेवटी त्यांनी पातं पुसलं आणि वस्तरा मिटला.

ओरखडा नव्हता. मी ओरडून सांगणार, तेवढ्यात मामांनी काम कसं उतरलंय ते चाचपायला दोन्ही हात ह्यांच्या तोंडावर ठेवले. हात गालांवर आले आणि थबकले. अंगठे गालांच्या खळग्यांतून फिरले, डोळ्यांखालच्या सैल कातडीवरून गेले, कपाळाच्या आठ्यांवर गेले. मामांनी ह्यांना शेवटचं बघितलं तेव्हा हे भरल्या गालांचे होते. मागाहून शुगर लागली, दाढा पडल्या, दुकानाची दगदग वाढली. मी रोज बघते, म्हणून मलाही ते जाणवलं नव्हतं.

"एवढा वाळलास कावून रं?" मामा म्हणाले. "मला कुणी सांगितलं न्हाई."

ह्यांनी डोळे उघडले, पण मान मागेच राहू दिली.

"दादा," हे म्हणाले, "उद्या बी माझी तुमीच करा."