बदलीचं बोट

तुमच्या नावावर दुसऱ्याच्या बोटातलं रक्त तपासलं, तर ताप कोणाचा कळणार? हसू नका. हे माझ्या हातून झालं आहे.

माझे वडील घाऊक बाजारात माथाडी होते. आमच्या घरात खेळण्यांपेक्षा युनियनची पत्रकं जास्त. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. पत्रकं वाटायला जाताना वडील मला सोबत नेत आणि एकच गोष्ट बजावत, "गठ्ठा ठेवून निघायचं नाही. माणसाच्या तोंडाकडं बघून हातात द्यायचं."

दोन वर्षांपूर्वी बाजारात मलेरिया पसरला. मी लॅबचा कोर्स नुकताच संपवला होता. आरोग्य केंद्राने रक्त तपासायच्या पट्ट्या दिल्या आणि आम्ही काही जणांनी फाटकाजवळ टेबल मांडलं. पत्रक मी लिहिलं होतं : 'ताप लपवू नका! टोळीतल्या एकाचीही चाचणी राहता कामा नये!'

एकत्र माल उतरवणाऱ्या माथाड्यांची एक टोळी रांगेत उभी राहिली. मुकादम यादीतून नावं वाचत होता. बोटाला टोचायचं, थेंबभर रक्त पट्टीवर, त्यावर द्रावण, मग पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. एक रेघ आली तर मलेरिया नाही, दोन आल्या तर आहे.

"ताई, बेतानं टोचा. अजून एक गाडी खाली करायचीय," एक जण म्हणाला.

"तुझ्या अंगात रक्त कुठंय? नुसता चहा निघंल," मागून कोणीतरी ओरडलं. सगळे हसले.

मी मान वर केली नाही. नाव ऐकलं, बोट धरलं, टोचलं. यादीत त्या नावापुढे वय सत्तेचाळीस होतं. पुढे आलेलं बोट पंचविशीतलं होतं. माझं लक्ष पट्ट्यांवर.

प्रत्येक पट्टीवर एकच रेघ. मी चिठ्ठ्या लिहिल्या, खाली सही केली. मुकादम म्हणाला, "चला, सगळी टोळी पास!"

चौथ्या दिवशी संध्याकाळी एक बाई आमच्या दारात आल्या. वडिलांच्या साताऱ्याकडच्या गावातल्या; नवरा बाजारात माथाडी, खोली इथंच जवळ, तळवलीत. हातात माझी चिठ्ठी होती.

"ताई, तुमीच लिवलंय न्हवं, मलेरिया न्हाई म्हणून? मग ह्यास्नी झालंय तरी काय? कालपतुर डॉक्टरकडं चला म्हटलं की चिठ्ठी दाखवत हुतं."

मी पट्टी घेऊन धावले. माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता. डोळे पिवळे. बायकोला ओळखत नव्हता.

"त्या दिवशी टोचल्यावर काही त्रास झाला का यांना?" मी विचारलं.

"कुठं टोचलं? आठवडा झाला, ह्ये खोलीच्या भाईर पडल्यालं न्हाईत."

मी त्यांचं बोट हातात घेतलं. दुसरी रेघ उमटायला फार वेळ लागला नाही. लगेच रिक्षा केली, पालिकेच्या रुग्णालयात नेलं. उपचार सुरू झाले, पण उशीर झाला होता. तिसऱ्या दिवशी ते गेले.

बोट देणारा मुलगा त्यांचा बदली होता. टोळीतला माणूस आला नाही की त्याच्या नावावर दुसरा उभा राहतो, त्याला बदली म्हणतात. सगळ्यांना ते ठाऊक असतं. दहाव्याला तो मला भेटला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आजारी म्हणून नाव लागलं तर जागा जाईल, अशी भीती होती त्यांना. ताई, माझी पाठ धरली तेव्हा माझ्या वाटची पोती त्यांनी उचलली. मी त्यांच्या वाटचं बोट दिलं."

त्याला मी काय सुनावणार? ज्या बाजारात ताप आला म्हणून माणसाला जागेची धास्ती वाटते, तो बाजार आधी गुन्हेगार आहे. पण चिठ्ठीवर सही माझी होती. मी मान वर केली असती तर?

घरी वडील एवढंच म्हणाले, "तोंडाकडं बघितलं नाहीस."

आता मी आधी चेहरा बघते, मग नाव विचारते, मग टोचते. ती चिठ्ठी त्या बाईंनी मला परत दिली. माझ्या पट्ट्यांच्या डब्यात ती सगळ्यात वर असते.

म्हणून तुम्हाला सांगणं आहे. ताप आला तर स्वतः उठा, उठवत नसेल तर तपासणाऱ्याला खोलीवर बोलवा. बोट तुमचंच द्या. चिठ्ठीत काहीही लिहिलेलं असो, ताप उतरत नसेल तर पुन्हा तपासा. आणि आज, हे वाचून झाल्यावर, तुमच्या टोळीत, तुमच्या सोसायटीच्या गेटवर, तुमच्या शेजारच्या खोलीत कोण दिसेनासं झालंय ते बघा. त्याचं दार वाजवा.