साहेब म्हणायचं राहिलं

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ती गेली, तीसुद्धा बँकेला शिव्या देतच.

माझ्या वंदनाला पुण्याला इंजिनिअरिंगला जागा मिळाली होती. मी सणसरला प्राथमिक शिक्षक. फी माफ व्हावी एवढे आम्ही गरीब नव्हतो आणि भरता यावी एवढे पैसेवालेही नव्हतो. पगारदार माणसानं करायचं तरी काय? आठवलं की अजून डोकं तडकतं. पण — थांबा. चीड सरकारवर काढून मला सुटता येणार नाही. वाट होती. शैक्षणिक कर्ज मिळत होतं.

मी बारामतीला बँकेत गेलो. बाकावर बसलो. केबिनवरची पाटी वाचली, पुन्हा वाचली. मॅनेजर म्हणजे आमचा दत्तू! गणित चुकलं की मी त्याला वर्गासमोर उभा करायचो — "दत्तोबा, तुम्ही आपल्या म्हशीच वळा." पोरं हसायची. मला ते हसू आवडायचं.

शिपाई म्हणाला, "जावा की गुरुजी आत. साहेब मोकळंच हायत."

साहेब. आत जाऊन मी त्याला काय म्हणणार होतो? अरे दत्तू? की साहेब? तो उठून पाया पडला असता, कर्जही दिलं असतं. तेच मला नको होतं. "पुन्हा येतो," म्हणून मी उठलो. स्टँडवर चहा घेतला, एसटीनं घरी आलो आणि सांगितलं — बँक नाही म्हणाली.

तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी? होय. एवढ्यासाठीच.

वंदना रडली नाही. "जाऊ द्या तात्या, तुमी जिवाला लावून घेऊ नका," म्हणाली आणि बारामतीतच बी.एस्सी.ला गेली. आता एका डेअरीत दुधाचे नमुने तपासते.

परवा तिच्या मुलीच्या ॲडमिशनचा विषय निघाला. नात म्हणाली, "आई, बँकेत विचारू या की."

"आपल्यासारख्यांना दारात उभं करत न्हाईत ते," वंदना फणकारली. "हितलंच कॉलेज घे गप. पटत नसंल तर विचार तात्यांना."

दोघी माझ्याकडं बघत राहिल्या. आणि मी — या वयात, पुन्हा — होकारार्थी मान हलवली.

वंदना, बँक नाही म्हणाली नव्हती. मी विचारलंच नव्हतं.