टेंभेकरांचा फ्रीजवरचा पहारा

जनार्दन टेंभेकर कुणावर संशय घेत नसत, असं त्यांचं स्वतःचं म्हणणं होतं. ते फक्त खात्री करून घेत. बडोद्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात चौतीस वर्षं त्यांनी दारात आलेला माल तपासला होता. पिंप उघडायचं, नमुना काढायचा, कागद आणि माल जुळतो का पाहायचं, मग सही. टेंभेकर निवृत्त झाले, पण सवय काही निवृत्त व्हायला तयार नव्हती. मांजलपूरच्या त्यांच्या सोसायटीत दूधवाला टेंभेकरांच्या दाराशी पोचला की त्याचा चेहरा तोंडी परीक्षेला बसल्यासारखा व्हायचा. गॅसचा सिलिंडर ते वजन केल्याशिवाय आत घेत नसत. कलिंगड आधी बोटांनी वाजवत, मग मुठीनं, आणि शेवटी विकणाऱ्याच्या डोळ्यांत बघून विचारत, "तू स्वतः हे घरी नेशील का?" मुलीचं, श्रद्धाचं लग्न ठरत होतं तेव्हा जावई आशय बडोद्याजवळच्या सावली गावातल्या ज्या कारखान्यात होता तिथल्या वॉचमनला त्यांनी दोनदा चहा पाजला होता. "छोकरो सारो छे," म्हणजे मुलगा चांगला आहे, असं वॉचमननं सांगितलं, तेव्हा हा वॉचमन माणूस कसा आहे, याची चौकशी त्यांनी समोरच्या पानवाल्याकडे केली.

तर अशा माणसाला जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलीचा फोन आला.

श्रद्धाला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा रिवाज. ओटी भरली की ती महिनाअखेरीच्या सुमारास सावलीहून येणार, हे ठरलेलं होतं. टेंभेकरांनी पाळणासुद्धा आणून ठेवला होता आणि त्यात वीस किलो तांदळाचं पोतं घालून तो तीन दिवस झुलवला होता. पोतं सुखरूप होतं.

"बाबा, एक काम आहे," श्रद्धा म्हणाली. "सहा महिन्यांचं होईपर्यंत बाळाला फ्लूची लस देता येत नाही. म्हणून माझ्या डॉक्टर म्हणतात, घरातल्या मोठ्यांनी आधीच घेऊन ठेवायची. मी घेतली, आशयनं घेतली, सासूसासऱ्यांनी घेतली. आईनं काल घेतली. तुम्ही राहिलात."

"मला काय धाड भरली आहे?"

"भरू नये म्हणूनच. आणि अंगी लागायला दोन आठवडे जातात, म्हणजे याच आठवड्यात घ्या."

"आणि नाही घेतली तर?"

श्रद्धा अगदी शांतपणे म्हणाली, "तर मी इथेच राहते. सासूबाईंची तयारी आहे."

टेंभेकरांनी फोन खाली ठेवला. पहिलटकरीण मुलगी माहेर धडधाकट असताना सासरी बाळंत होणार! सोसायटीतल्या बायका काय म्हणतील ते त्यांना पाठ होतं, पण खरं दुखणं ते नव्हतं. गेले दोन महिने ते सकाळी उठल्यावर चहाच्या आधी त्या पाळण्याला एक झोका देत होते, आणि हे त्यांनी कुणालाही कळू दिलं नव्हतं.

"काल घेतलीस?" ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "मला न सांगता?"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्या बाटलीची जन्मपत्रिका मागितली असती," कांचनताई कणीक मळता मळता म्हणाल्या.

"दंड दुखतोय?"

"कालच्यापेक्षा कमी."

"म्हणजे काल दुखत होता."

"अहो, सुई टोचली होती. फूल नव्हतं वाहिलं."

टेंभेकरांनी कॅलेंडरवर कालच्या चौकोनात 'दंड' असं लिहिलं. पुढचे तीन दिवस ते बायकोच्या कपाळाला जाता येता हात लावत राहिले. चौथ्या दिवशी कांचनताईंनी तो हात बाजूला केला. "लग्नाला पस्तीस वर्षं झाली, एवढी विचारपूस कधी झाली नव्हती. आता बास."

टेंभेकरांचा मुख्य मुद्दा असा की ही लस दरवर्षी नवी निघते. गेल्या वर्षीची चांगली होती तर बदलली का, आणि वाईट होती तर लोकांना टोचली का? हा मुद्दा त्यांना इतका बिनतोड वाटे की तो ऐकवायला ते बागेत दत्ताजीरावांकडे गेले.

दत्ताजीराव पाणीगेटचे. त्यांचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते, त्यामुळे सर्दीखोकल्याचा विषय निघाला तरी दत्ताजीराव आधी घोड्यावर बसत.

"टेंभेकर, आमच्या घराण्यानं तलवारी अंगावर घेतल्या. आता शिंकेला भिऊन सुया घ्यायच्या?" ते बाकावर मांड ठोकून म्हणाले. "आमच्या मेहुण्यानं घेतली. झाली की सर्दी. चांगली आठ दिवस."

हा पुरावा आपल्याच बाजूचा होता. पण समोर माल आला की टेंभेकरांचा इलाज चालत नसे.

"लस कधी घेतली?"

"गेल्या वर्षी. जूनमध्ये."

"आणि सर्दी?"

दत्ताजीराव जरा घुटमळले. "दिवाळीत."

"म्हणजे पाच महिन्यांनी. त्याच्या आधीच्या दिवाळीत सर्दी झाली होती?"

"त्याला दर दिवाळीला होते हो. श्रीखंडावर तुटून पडतो."

"मग यात लशीचा काय संबंध?"

"तुम्ही कुणाच्या बाजूचे आहात?" दत्ताजीरावांनी विचारलं. लशीवर टेंभेकरांचा विश्वास नव्हता, आणि आता लशीवर विश्वास नसलेल्यांवरही उरला नव्हता. माणसानं उभं तरी कुठं राहायचं?

पाचव्या दिवशी ते कांचनताईंना "जरा जाऊन येतो" म्हणाले आणि स्कूटरवरून थेट जवळच्या दवाखान्यात गेले. तिथे उत्कर्षा नावाची मराठी सिस्टर होती, पंचविशीची, चटपटीत.

"बसा काका. बाही वर करा."

"आधी फ्रीज दाखवा."

"फ्रीज?"

"माल कुठं ठेवता ते बघायचंय."

लस थंड ठेवावी लागते, दोन ते आठ अंशांच्या मध्ये, एवढं त्यांनी वाचून ठेवलं होतं. उत्कर्षानं खांदे उडवले आणि आतल्या खोलीतला फ्रीज दाखवला. वर एक वही दोरीला बांधलेली. दिवसातून दोनदा तापमान बघायचं आणि लिहून सही करायची. टेंभेकरांनी चष्मा चढवला. आजची तारीख. सकाळी नऊ: चार अंश, सही. संध्याकाळी सहा: चार अंश, सही.

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"संध्याकाळचे सहा आजकाल सकाळीच वाजतात वाटतं," टेंभेकर म्हणाले.

उत्कर्षाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "काका, संध्याकाळी गर्दी असते. राहून जातं. म्हणून सकाळीच... फ्रीज चांगलाच आहे हो. कधी काही होत नाही त्याला."

चौतीस वर्षं ज्या क्षणाची माणूस वाट बघतो तो हा क्षण. टेंभेकरांनी आता कडाडायला हवं होतं. पण ते वहीतल्या त्या सहीकडे बघतच राहिले.

कारण अशी एक सही त्यांच्याही नावावर होती. श्रद्धा सहा वर्षांची होती तेव्हाची. नवरात्रातला पहिला गरबा, पोरगी दुपारपासून चनियाचोळी घालून दारात उभी, आणि पाच वाजता कारखान्यात चाळीस पिंपांची गाडी आली. घरी जायच्या घाईत टेंभेकरांनी चार पिंपं उघडली आणि चाळिसांवर सही केली. त्यातल्या दोन पिंपांत अर्धं पाणी निघालं. ठपका गाडीवाल्यावर आला, त्याचं काम गेलं, आणि टेंभेकर गप्प बसले. कांचनलाही त्यांनी हे कधी सांगितलं नाही. तोपर्यंत ते चारचौघांसारखेच एक गृहस्थ होते. सिलिंडरचं वजन, वॉचमनचा चहा, सगळं त्या गरब्यानंतरचं. न बघता सही कशी होते हे ज्याला ठाऊक असतं, त्याला झोप कमीच लागते.

"खाडाखोड करू नको," ते हळूच म्हणाले. "एक सरळ रेघ मार. बाजूला आजची तारीख घाल आणि सही कर. चूक दिसली पाहिजे."

एवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी वही बघितली, उत्कर्षाकडे बघितलं, मग टेंभेकरांकडे. "काका, तुमचं बरोबर आहे. हे व्हायला नको होतं." मग त्यांनी फ्रीजमधला छोटा यांत्रिक तापमापक दाखवला. कमीत कमी आणि जास्तीत जास्त आकडा तो स्वतःच धरून ठेवतो. कालपासून खाली तीन, वर सहा.

"हा आकडा पुसता येतो का?" टेंभेकरांनी विचारलं.

"बटण दाबलं की येतो."

"म्हणजे काल काही झालं असेल आणि तुम्ही पुसलं असेल."

"पुसलं असू शकतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी पुसलं नाही. पण तुम्हाला ते कळायला मार्ग नाही."

'छे छे, असं कसं होईल' असं त्या म्हणाल्या असत्या तर टेंभेकर तिथूनच उठून गेले असते. या उत्तरानं मात्र त्यांचे पाय अडकले. मग त्यांनी दरवर्षीच्या नव्या लशीचा मुद्दा काढला.

"दर साली आजाराचा विषाणू रूप बदलतो," बाई म्हणाल्या. "म्हणून लस बदलावी लागते. आणि ही घेतली की सर्दी होणारच नाही, असं मी सांगणार नाही. फ्लू झालाच तर बहुधा सौम्य होतो, आणि तुमच्याकडून बाळाला लागण्याची भीती कमी होते. एवढंच आहे ते."

माल बदलला की तपासणी बदलते, हे टेंभेकरांना कळण्यासारखं होतं. पण कळणं वेगळं आणि बाही वर करणं वेगळं.

"नवी पेटी आत्ताच येतेय," बाई म्हणाल्या. "तुमच्यासमोर उघडते. मग फ्रीजपाशी बसा आणि हवं तेवढा वेळ बघा. पटलं तर घ्या."

त्यांना वाटलं असेल, काका दहा मिनिटं बसतील. काका सहा वाजेपर्यंत बसले.

पेटी आल्याबरोबर त्यांनी हात घालून आतला बर्फ चाचपला, बॅच नंबर कागदाशी ताडून पाहिला आणि मुदतीची तारीख दोनदा मोठ्यानं वाचली. मग स्टूल ओढून ते फ्रीजशेजारी बसले, राजवाड्याच्या दारावर शिपाई बसावा तसे. उत्कर्षा फ्रीज उघडायला आली की ते सेकंद मोजत. "सतरा," ते म्हणत. "मघाशी अकरात झालं होतं."

बाहेर बसलेल्या लोकांनी त्यांना दवाखान्याचाच कुणी अधिकारी समजायला सुरुवात केली. कमळाबाई नावाच्या एक आजी काठी टेकत आल्या.

"भाऊ, ही सुई चांगली आहे का हो? सून म्हणते घ्या, लेक म्हणतो नको."

टेंभेकर पेचात पडले. हो म्हणायला मन धजेना, नाही म्हणायला पुरावा नव्हता. "फ्रीज चांगला आहे," ते म्हणाले.

"आणि सुई?"

"तिचं बघतोय."

"तुम्ही घेतली?"

"संध्याकाळी बघू."

आजींनी त्यांना नीट निरखलं. "मग मी पण तुमच्यानंतर बघते," असं म्हणून त्या समोरच्या बाकावर बसल्या त्या बसल्याच. टेंभेकर फ्रीजवर नजर ठेवून होते आणि कमळाबाई टेंभेकरांवर.

साडेतीनला लाइट गेली. टेंभेकर ताडकन उभे राहिले. "कुणी दार उघडायचं नाही!" बावीस मिनिटं त्यांनी घामाच्या धारांत त्या बंद दाराशी काढली. उत्कर्षानं त्यांना पाण्याचा पेला दिला. त्यांनी तो आधी उजेडात धरून बघितला. लाइट आली तेव्हा तापमापकावर पाच अंश होते. त्यांनी तीनदा वाचलं. पाचच होते.

सहा वाजता उत्कर्षा वही घेऊन आली. "काका, तुम्हीच वाचा."

"साडेचार," टेंभेकर म्हणाले. तिनं वाकून स्वतः बघितलं, मग लिहिलं, मग सही केली. टेंभेकरांनी स्टुलावर बसून बाही वर केली. सुई टोचली तेव्हा त्यांनी डोळे गच्च मिटले. बाकावरून कमळाबाई म्हणाल्या, "डोळे कशाला मिटता? बघा की नीट."

अर्धा तास थांबायचं होतं, म्हणून त्यांनी तिथूनच सावलीला फोन लावला. आवाजात शक्य तेवढा बेफिकीरपणा आणून म्हणाले, "घेतली गं."

"काय?"

"लस. आत्ताच."

"बाबा," श्रद्धा म्हणाली, "मी यावं म्हणून थापा मारू नका."

"अगं, दंड दुखतोय माझा."

"दंड कशानंही दुखतो. आईला द्या फोन."

"आई घरी आहे. मी दवाखान्यात आहे."

"एकटे? म्हणजे कुणी बघितलंच नाही." पलीकडे ती सासूबाईंना हळूच काहीतरी म्हणाली, त्यात 'बाळंतविडा' हा शब्द टेंभेकरांनी ऐकला. म्हणजे बाळंतपण सासरीच करायचं बोलणं चाललं होतं की काय? "कार्डाचा फोटो पाठवू नका हां बाबा, कार्ड काय कुणीही भरतं."

टेंभेकरांनी इकडेतिकडे बघितलं. अख्ख्या बडोद्यात 'मीच टोचली' अशी साक्ष देऊ शकेल असं एकच माणूस होतं, आणि त्या माणसाला त्यांनी आज सकाळी खोटी नोंद करताना पकडलं होतं.

"सिस्टर," ते फोन पुढे करून म्हणाले, "जरा माझ्या मुलीला सांगता?"

उत्कर्षानं फोन घेतला. त्यांच्याकडे अगदी पुरतं बघून घेतलं.

"हो ताई, मीच दिली," ती म्हणाली. "डाव्या दंडात. सहा वाजून चार मिनिटांनी. नाही, पळून गेले नाहीत. सात तास बसले होते... नाही, खुशीत नव्हते. पण घेतली." मग ती हसली. "हो, पाण्याचा पेलासुद्धा."

फोन परत आला तेव्हा श्रद्धाचा आवाज बदलला होता. "बाबा, बावीस तारखेला येते. आशय सोडायला येईल. सासूबाई म्हणतात, बाळंतविड्याचं लुगडं त्या आणतील, तुम्ही आणू नका."

"ये," टेंभेकर म्हणाले.

घरी पोचेपर्यंत अंधार पडला होता. कांचनताई ताटात डिंक पसरून निवडत बसल्या होत्या. समोर खारका होत्या, खोबरं होतं. लाडवांची तयारी सुरू होती, आणि ती आज सकाळीच सुरू झाली असणार, कारण खारका फोडून झाल्या होत्या.

"तुला कसं कळलं ती येणार म्हणून?" टेंभेकरांनी विचारलं.

"तुम्ही सकाळी स्कूटर काढलीत तेव्हा," कांचनताई म्हणाल्या. "हात धुऊन या."

टेंभेकर हात धुऊन आले, शेजारी बसले, आणि डिंकाचा एक खडा उचलून त्यांनी दिव्यासमोर धरला.