बासष्ट फर्म्यांची यादी

वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करण्यात माझी सतरा वर्षं गेली. लोकांची भांडणं टाइप करता करता माणूस कोरडा होतो म्हणतात. मी मुळातच कोरडी, त्यामुळे फारसा फरक पडला नाही. पण बुटांच्या मिस्त्रींची यादी मी टाइप केली, आणि "आणखी खुलासेवार सांगा" असं त्यांना मीच म्हटलं, हे काही केल्या मनातून जात नाही.

मिस्त्री अवघड पायांचे बूट करत. कुणाचा अंगठा आत वळलेला, कुणाच्या घोट्याखाली हाड वाढलेलं. अशा प्रत्येक पायाचा फर्मा, म्हणजे त्या पायाच्या आकाराचा लाकडी ठोकळा, ते स्वतः तासत. पाय बदलला की फर्म्यावर चामड्याचे पातळ तुकडे चिकटवून उंचवटा चढवत. वर फक्त नंबर घालायचा, नाव नाही. गिऱ्हाइकाच्या पायातलं व्यंग तिसऱ्याला कळू द्यायचं नाही, असा त्यांचा नेम होता. असे बासष्ट फर्मे दुकानाच्या मागच्या खोलीत फळ्यांवर मांडलेले होते.

दुकान धाकट्या भावाच्या नावावर. तो गल्ल्यावर बसून गोड बोलायचा, कानस त्याने जन्मात हातात धरली नव्हती. मिस्त्रींचे हात थरथरायला लागले तसे त्याने तयार मापांचे बूट विकायचं ठरवलं आणि एक दिवस कुलूप बदललं. मिस्त्री आपले फर्मे मागायला गेले, तर म्हणाला, "तुझे कसले? दुकानासाठी बाजारातून घेतलेला माल आहे तो." म्हणून आमच्याकडे दावा आला: दुसऱ्याची वस्तू बेकायदा ताब्यात ठेवल्याचा.

खरं तर त्यांना एकच फर्मा हवा होता, एकतीस नंबर. त्यांच्या मुलीचा डावा पाय जन्मापासून आत वळलेला. सात वर्षं खपून, तिला रडवून, स्वतः रडून तो फर्मा जमला होता. त्यावरच्या बुटात ती दोन चौक चालत दवाखान्यात कामाला जायची आणि केसपेपरच्या खिडकीवर बसायची. पायातला जोड शेवटचा होता आणि त्याचा तळ झिजत चालला होता. तो फर्मा घरी का ठेवला नाही, असं मी विचारलं, तर म्हणाले, दुकानात तीही गिऱ्हाईकच. असल्या तत्त्वाचं काय करायचं, सांगा.

भरपाई मागू या, असं वकीलसाहेबांनी सुचवलं. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "भरपाई पायात घालून चालेल का ती?"

मग यादी. वस्तू ओळखता आल्या पाहिजेत, जितक्या खुणा जास्त तितका दावा पक्का, हे मीच त्यांना पटवलं. दोन दुपारी ते माझ्या टेबलाशी डोळे मिटून बसले. सात नंबर उजवा, करंगळीच्या मुळाशी तीन पदर चामडं. बावीस डावा, टाच आतून दाबलेली. बासष्टच्या बासष्ट, एकदाही न अडखळता. इतक्या वर्षांत त्यांना कुणी हे विचारलंच नव्हतं. चेहरा असा खुलला होता की मला गंमत वाटली, दोनदा चहा मागवला मी.

दाव्याची प्रत समोरच्या पक्षाला द्यावी लागते, यादीसकट. पाकीट मीच चिकटवलं.

पाच महिन्यांनी कोर्टाचा माणूस पाहणीला गेला, बरोबर आम्हीही. फर्मे सगळे जागेवर होते. त्याने यादी धरून एकेक उचलला, अंगठा फिरवला. गुळगुळीत. कुठे उंचवटा नाही, चामडं नाही, नंबरसुद्धा घासलेले, वर पॉलिश. धाकट्याने आमची यादी कारागिराच्या हातात दिली होती. काय काय उडवायचं ते आम्हीच ओळीने लिहून पाठवलं होतं. यालाच म्हणतात आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं.

"एकही वस्तू यादीशी जुळत नाही," असं त्या भल्या माणसाने लिहिलं. तो तरी काय करणार? घासले कुणी, याचा पुरावा आमच्याकडे नव्हता. मिस्त्री फर्मे हातात घेत गेले आणि एकापाशी थांबले. लाकडातल्या गाठीवरून त्यांनी तो ओळखला, एकतीस नंबर. दारातून धाकटा म्हणाला, "तिचा तू घरी नेला असशील असं वाटलं मला." तो खरं बोलत होता. मला सर्वांत जास्त संताप त्या खरेपणाचाच येतो.

दावा फेटाळला गेला. मिस्त्रींनी कापत्या हाताने नवा फर्मा तासला, त्यावर बूट केला.

गेल्या महिन्यात मुलगी कागद न्यायला आली, भिंतीला धरून. मी खुर्ची पुढे केली. नवा बूट कसा आहे, विचारलं.

"छान बसतो, असं सांगितलंय बाबांना," ती म्हणाली. "चौकापर्यंत जाते, तिथल्या बाकावर बसते. सुटायची वेळ झाली की घरी येते. दवाखान्यात माझ्या जागी दुसरी घेतली त्यांनी."

तिने कागद पिशवीत घातले, आणि उठायच्या आधी थोडा वेळ आणखी बसू का, असं विचारलं.